स्विच निर्दोष आहे: घरचा राउटर, तीन इंटरनेट फोन आणि अर्धवट ऐकू आलेलं वाक्य

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय मोबाइलचा नाही. मोबाइल ज्या डब्याच्या जिवावर घरात नाचतो, त्या डब्याचा आहे. राउटर. आणि त्याच्या शेजारी गपचूप बसणारा, कुणी कधी नाव न घेतलेला दुसरा डबा. स्विच.

साताऱ्याहून एका श्रोत्याचा मेल आलाय. त्याचे बाबा डॉक्टर आहेत. खाली दवाखाना, वर घर. जुनी तांब्याची लँडलाइन सारखी बंद पडायची म्हणून त्यांनी एका परवानाधारक कंपनीकडून इंटरनेटवर चालणारा नंबर घेतला आणि तीन आयपी फोन आणले. एक बाबांच्या टेबलावर, एक कंपाउंडर काकांकडे, एक वर हॉलमध्ये. राउटरला पोर्ट चारच होते आणि ते आधीच भरलेले, मग बाजारातून साधा आठ पोर्टचा स्विच आणला आणि सगळे फोन त्याला जोडले. फोन चालू झाले. पण संध्याकाळनंतर आवाज तुटतो. आता त्याच्याच शब्दांत वाचतो: "बाबा एका पेशंटच्या मुलाला सांगत होते, ती गोळी आज देऊ नका. पलीकडून उत्तर आलं, बरं, देतो."

बाबांच्या लक्षात आलं म्हणून बरं. त्यांनी परत परत सांगितलं.

मेलच्या शेवटी प्रश्न आहे की स्विच स्वस्तातला घेतला म्हणून असं होतंय का, महागातला घेऊ का?

थोडक्यात उत्तर: नाही, पैसे खिशात ठेव. सविस्तर उत्तर म्हणजे आजचा हा भाग.

[०२:१०]

त्याआधी एक गोष्ट. तुमच्याकडे फायबरचं नेट असेल तर ऑपरेटरने बसवलेल्या डब्याला मागे बहुतेक एक फोनचं छोटं भोक असतं. त्यात साधा, जुन्या पद्धतीचा फोन लागतो. तुमची गरज तेवढीच असेल तर तुम्हाला आयपी फोनही नको आणि स्विचही नको. चांगला कॉर्डलेस फोन घ्या, त्याचा मुख्य स्टँड त्या भोकात लावा, जादाचे हँडसेट घरभर ठेवा. संपला विषय. इथून पुढचं ऐका ते तुमच्याकडे खरेखुरे आयपी फोन असतील तर, म्हणजे ज्यांना नेटची जाडी वायर लागते आणि ज्यांच्यात आत एक छोटा कॉम्प्युटरच असतो.

आणि हो, फोनची बारीक पिन नेटच्या मोठ्या भोकात ढिली ढिली का होईना, बसते. बसते म्हणून बसवू नका. फोनच्या लाइनवर रिंग येते तेव्हा पन्नास व्होल्टच्या वर दाब येऊ शकतो, आणि स्विचचं पोर्ट बिचारं त्यासाठी बनलेलं नसतं.

[०३:२५]

आता स्विच करतो काय? सोसायटीचं उदाहरण घेऊ. राउटर म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. बाहेरच्या जगाशी सगळा व्यवहार तो करतो. बाहेरच्यांना सोसायटीचा एकच पत्ता माहीत असतो, आतले फ्लॅट माहीत नसतात. कुठलं पत्र कुठल्या फ्लॅटचं हा हिशेब सेक्रेटरीच्या वहीत. आतल्या फ्लॅटना नंबर वाटतो तोही तोच.

स्विच म्हणजे वॉचमन. त्याला बाहेरच्या जगाशी काही घेणंदेणं नाही. त्याला फक्त चेहरे माहीत असतात. नेटला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक मॅक पत्ता असतो. एखाद्या पोर्टातून पहिला डेटा आत आला की स्विच नोंद करतो, अच्छा, हा चेहरा तीन नंबरच्या दारातून आला. पुढे त्या चेहऱ्यासाठी काही आलं की थेट तीन नंबरला. चेहरा ओळखीचा नसेल तर तो सगळ्या दारांवर हाक मारतो आणि जो ओ देईल त्याची नोंद ठेवतो. झालं. साध्या स्विचला सेटिंगच नसतात, ती याच कारणाने. ठरवायचं असं काही त्याच्याकडे नसतंच.

याच्या आधीच्या पिढीत हब नावाचा प्रकार होता. तो कायमच सगळ्या दारांवर हाका मारायचा, आणि दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली की गोंधळ. तेव्हा आवाज तुटायला तोही कारण असायचा. आज दुकानात हब मिळत नाही, पण लोकांच्या मनात ती भीती कुठेतरी राहिलीय की डबा वाढवला म्हणजे वेग वाटला जाणार. स्विचच्या बाबतीत तसं होत नाही. तीन नंबरचा फोन आणि पाच नंबरचा फोन एकाच वेळी, दोन्ही दिशांनी, पूर्ण वेगाने बोलू शकतात.

[०५:१५]

आकडे बघू, मला आकड्यांशिवाय झोप येत नाही.

आयपी फोनवर तुमचा आवाज सहसा जी ७११ नावाच्या पद्धतीने जातो. सेकंदाला ६४ किलोबिट. हा आवाज दर २० मिलिसेकंदांचा एक असा तुकडे करून पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. एका पाकिटात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट पत्ते-बित्ते. इथरनेटचं वेष्टण धरून एका दिशेला साधारण ८७ किलोबिट होतात. तिन्ही फोन एकदम चालू असले तरी २६१. स्विचचं सगळ्यात स्वस्त पोर्ट १०० मेगाबिटचं असतं, म्हणजे एक लाख किलोबिट. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये तीन माणसं बसलीत आणि आपण विचारतोय, मोठी गाडी घेऊ का.

उशिराचं काय? स्विच एक पाकीट पूर्ण आत घेतो, पत्ता बघतो, पुढे ढकलतो. १५०० बाइटचं मोठं पाकीट १०० मेगाबिटच्या पोर्टावर घ्यायला ०.१२ मिलिसेकंद लागतात. फोनवरचं बोलणं नैसर्गिक वाटावं म्हणून एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्या दीडशेमध्ये स्विचचा वाटा ०.१२. गिगाबिट स्विच घेतला तर ०.०१२. हा फरक जगातल्या कुठल्याही कानाला कळत नाही. गिगाबिट घ्यायचा तर कॉम्प्युटर, टीव्ही, घरातल्या घरात मोठ्या फाइली हलवणं यासाठी घ्या. फोनसाठी नको.

[०७:००]

मग "नका" गेलं कुठे?

आपल्या भाषेची एक गंमत आहे. नकार आपण शेवटी ठेवतो. इंग्रजीत "डोन्ट" आधीच येऊन बसतं. मराठीत सगळं वाक्य बोलून झाल्यावर मग "नका". हे "नका" म्हणायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे बारा-तेरा पाकिटं. एखाद-दुसरं पाकीट हरवलं तर फोन आधीच्या आवाजावरून भोक बुजवतो, आपल्याला कळतही नाही. पण बारा सलग गेली तर तो तरी काय बुजवणार? गंमत म्हणून सांगत नाही मी हे. औषध, पैसे, पत्ता असं काही फोनवर सांगणाऱ्या घरात वाक्याची शेपटी तुटणं हा किरकोळ त्रास नाही.

आणि हरवलेलं पाकीट परत मागवता येत नाही का? व्हॉट्सॲपवर फोटो येताना एखादा तुकडा गळाला तर फोन तो पुन्हा मागवून घेतो, दोन सेकंद उशीर झाला तर कुणाचं बिघडत नाही. आवाजाचं तसं नसतं. "नका" दोन सेकंदांनी आलं तर तोवर समोरचा "बरं, देतो" म्हणून मोकळा. म्हणून आवाजाची पाकिटं पुन्हा मागवण्याची सोयच ठेवलेली नाही. फोनच्या आत एक छोटी ओसरी असते, पाकिटं पुढेमागे आली तरी तिथे थांबवून ओळीत लावायची. ओसरी साधारण काही दहा मिलिसेकंदांची. त्यापेक्षा उशिरा आलेलं पाकीट आलं काय नि हरवलं काय, सारखंच.

आता उशीर होतो कुठे? मी त्या श्रोत्याला स्पीड टेस्टचा आकडा विचारला. डाउनलोड १००. आणि अपलोड? अपलोड १० ते १२. आपल्याकडे सगळेजण डाउनलोडचा आकडा बघून नेट घेतात. पण फोनवर तुमचं बोलणं अपलोडने जातं. म्हणूनच बाबांना पेशंटचं सगळं नीट ऐकू येत होतं आणि पेशंटला बाबांचं तुटक. ही फार महत्त्वाची खूण आहे, लक्षात ठेवा. आपल्याला समोरचा स्पष्ट येतोय आणि त्याला आपण तुटक, तर नव्वद टक्के वेळा अपलोड तुंबलंय.

दुसरा प्रश्न विचारला, संध्याकाळी घरात काय काय वर जातं? दवाखान्याचे चार कॅमेरे. रेकॉर्डिंग क्लाउडवर. प्रत्येकी साधारण २ मेगाबिट, म्हणजे आठ तिथेच गेले. वर संध्याकाळी घरातले सगळे घरी येतात, मोबाइल वायफायला लागतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ बॅकअपला निघतात. दहाची वाट, आठ कॅमेऱ्यांना, उरलेल्या दोनमध्ये पुतण्याच्या बारशाचा फोर-के व्हिडिओ.

वाट भरली की राउटर पाकिटं फेकून देत नाही, रांगेत उभी करतो. ऐकायला चांगलं वाटतं. पण समजा त्या रांगेत १ मेगाबाइट डेटा उभा आहे. म्हणजे ८० लाख बिट. सेकंदाला १ कोटी बिट पुढे सरकतात, तर रांगेत शेवटी उभ्या असलेल्याला ०.८ सेकंद थांबावं लागणार. आठशे मिलिसेकंद! आपली मर्यादा दीडशेची होती. बाबांच्या आवाजाचं दोनशे बाइटचं चिमुकलं पाकीट बारशाच्या व्हिडिओमागे आठशे मिलिसेकंद ताटकळतं. एसटी स्टँडवरच्या तिकीट खिडकीवर एका माणसाने अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढायला घ्यावीत आणि मागे तुम्ही एकटे, सुटे पैसे हातात घेऊन, तशी ही गत आहे.

हे तुमच्या घरी होतंय का ते मोबाइलवर दोन मिनिटांत कळतं. पिंग दाखवणारं कुठलंही ॲप घ्या. घर शांत असताना आकडा बघा, समजा १५ मिलिसेकंद. मग एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि परत बघा. १५ चे २५-३० झाले तर ठीक. ४००-५०० झाले तर चोर सापडला.

[११:२०]

उपाय राउटरमध्ये आहे, स्विचमध्ये नाही, कारण रांग राउटरच्या बाहेर जाणाऱ्या दारात लागलीय. राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस नावाचा भाग असेल तर फोनना पहिला मान द्या. चांगल्या राउटरमध्ये, किंवा राउटरवर ओपन-डब्ल्यूआरटी टाकलं असेल तर, एसक्यूएम नावाची सोय मिळते. त्यात अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवायची. म्हणजे १० असेल तर साडेआठ-नऊ. स्वतःहून वेग कमी करायचा हे विचित्र वाटतं, पण त्यामुळे रांग ऑपरेटरच्या डब्यात किंवा त्याच्याही पुढे न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तुमच्या राउटरमध्ये ती कशी लावायची हे तुम्ही ठरवू शकता.

ऑपरेटरने दिलेल्या डब्यात हे बहुतेक वेळा नसतं, किंवा असलं तरी कुलूपबंद. मग देशी उपाय. कॅमेऱ्यांची गुणवत्ता एक पायरी खाली आणा किंवा रेकॉर्डिंग घरातल्याच डीव्हीआरच्या डिस्कवर ठेवा, क्लाउडवर फक्त हालचाल दिसली तेवढंच पाठवा. मोबाइलचं फोटो बॅकअप रात्री फोन चार्जिंगला असतानाच होईल असं ठेवा. साताऱ्याच्या मंडळींनी कॅमेरे डीव्हीआरवर वळवले. त्यांचं संध्याकाळचं पिंग आता चाळिशीच्या आत आहे, स्विच तोच.

इथे स्विचचा एक फायदाही दिसतो बरं का. कॅमेरे आणि डीव्हीआर दोन्ही एकाच स्विचवर असतील तर त्यांचा सगळा डेटा स्विचच्या आतल्या आत फिरतो, राउटरच्या बाहेरच्या दाराकडे जातच नाही. फोनना त्याचा धक्का लागत नाही.

[१२:५०]

आता दुसरा मोठा घोळ. पोर्ट संपले की बरेच जण स्विच आणतच नाहीत. माळ्यावर जुना वायफाय राउटर पडलेला असतो, त्यालाही मागे चार भोकं असतात, मग तोच लावतात. नव्या राउटरची वायर जुन्याच्या निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या, वॅन लिहिलेल्या भोकात. नेट चालतं. व्हिडिओ चालतात. फोन मात्र वेड्यासारखे वागतात.

कारण आता सोसायटीत दोन सेक्रेटरी झाले. आतला सेक्रेटरी आपली वेगळी वही ठेवतो, बाहेरचा वेगळी. इंटरनेट फोनचा कॉल लागतो तेव्हा एसआयपी नावाच्या भाषेत एक चिठ्ठी जाते, आणि त्या चिठ्ठीच्या आत लिहिलेलं असतं की आवाज या पत्त्यावर पाठवा. फोनला स्वतःचा आतला पत्ता तेवढा माहीत, म्हणून तो तोच लिहितो. सेक्रेटरी पाकिटावरचा पत्ता बदलतो, पण आतल्या मजकुरात डोकावत नाही. पलीकडचा त्या पत्त्यावर आवाज पाठवायला जातो आणि तो पत्ता बाहेरच्या जगात अस्तित्वातच नसतो. मग काय होतं? रिंग वाजते, फोन उचलला जातो, आणि एका बाजूला शांतता. हॅलो, हॅलो, हॅलो. तुम्ही सगळ्यांनी अनुभवलं असेल.

चांगल्या कंपन्यांचे सर्व्हर यावर तोड काढतात. ज्या पत्त्यावरून आवाज प्रत्यक्षात येतोय तिथेच परत पाठवतात. पण राउटर बनवणाऱ्यांनी मदत म्हणून एसआयपी एएलजी नावाची एक सोय घातलीय. ती चिठ्ठी उघडून आतला पत्ता बदलते. हेतू चांगला, पण अनेक राउटरमध्ये ती इतकी धड नाही की बदलता बदलता चिठ्ठीच खराब करते. म्हणून आयपी फोन नीट चालत नसतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये एसआयपी एएलजी शोधा आणि बंद करा. मी तर म्हणतो इथूनच सुरुवात करा.

जुना राउटर वापरायचाच असेल तर त्याला स्विच बनवता येतं. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा, म्हणजे तो नंबर वाटायचं थांबेल. त्याचा स्वतःचा पत्ता बदला, कारण दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वरच बसले असतील तर भांडतील. आणि नव्या राउटरची वायर वॅनमध्ये न लावता साध्या लॅन भोकात लावा. वॅन भोक रिकामं सोडा, हवं तर त्यावर चिकटपट्टी लावा. घरात कुणीतरी रिकामं भोक बघून वायर लावतंच.

यावरून आठवलं. त्याच साताऱ्याच्या घरात एक दिवस अख्खं नेटवर्क बसलं. फोन नाही, टीव्ही नाही, वायफायवरही काही येईना. ऑपरेटरचा माणूस येऊन लाइन ठीक आहे सांगून गेला. झालं होतं काय, आयपी फोनला मागे दोन भोकं असतात. एक नेटचं, एक कॉम्प्युटरसाठी. फोनच्या आतही दोन भोकांचा एक इवलासा स्विच असतो, म्हणजे टेबलापर्यंत एकच वायर आणायची, ती फोनला लावायची आणि फोनमधून पुढे कॉम्प्युटरला न्यायची. छान सोय. पण साफसफाईत कुणीतरी फोनच्या दोन्ही भोकांतून निघालेल्या वायरी स्विचमध्येच लावल्या. गोल झाला. स्विचने हाक मारली, ती फोनमधून फिरून परत आली, स्विचला वाटलं नवीन हाक, त्याने परत मारली. सेकंदाला हजारो हाका. साध्या स्विचकडे हे थांबवायची अक्कल नसते. लक्षण ओळखायला सोपं आहे, स्विचवरचे सगळे दिवे एकदम, एका लयीत, वेड्यासारखे लुकलुकतात. तसं दिसलं तर एकेक वायर काढत जा. ज्या वायरीनंतर दिवे शांत होतील, ती गुन्हेगार.

[१६:३०]

फोन लावला तर लागतो, पण बाहेरून आलेला वाजत नाही, ही तक्रार मला बऱ्याच जणांनी विचारलीय. यातही स्विचचा हात नसतो. सेक्रेटरीच्या वहीतली नोंद कायमची नसते. फोन काही वेळ गप्प बसला की राउटर ती नोंद खोडून टाकतो, काही राउटर अर्ध्या मिनिटात, काही दोन-तीन मिनिटांत. नंतर बाहेरून कॉल आला की राउटर म्हणतो, हे कुणाचं? आणि सोडून देतो. फोनच्या सेटिंगमध्ये कीप अलाइव्ह नावाचा पर्याय असतो, तो २० ते ३० सेकंदांवर ठेवा. म्हणजे फोन अधूनमधून "आहे, आहे" म्हणत राहील.

हे माहीत नसलं की लोक इंटरनेटवर बघून राउटरमध्ये ५०६० नंबरचं पोर्ट उघडं करतात. करू नका. त्या पोर्टाच्या शोधात जगभरातले स्वयंचलित प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. मग मध्यरात्री फोन वाजतो, नंबर दिसतो १०० किंवा १०००, उचलला तर कुणी नाही. भूत वगैरे काही नाही, कुणीतरी तुमच्या दाराची कडी हलवून बघतंय. पासवर्ड सोपा असेल तर तुमच्या खात्यावरून परदेशी कॉलही होतील, आणि बिल तुम्हाला.

[१७:५०]

शेवटचा विषय वीज, आणि मला वाटतं आपल्याकडे हाच सगळ्यात मोठा.

जुन्या तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, तिथल्या बॅटऱ्यांवरून. गावात दिवे गेले तरी फोन चालायचा. आजीला याचं कौतुक होतं, आपल्याला कधी जाणवलंच नाही. फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. आता फोन चालायला ऑपरेटरचा डबा, राउटर, स्विच आणि फोन, चारही जिवंत लागतात. घरोघरी मी बघतो, राउटरला छोटा यूपीएस लावलेला असतो आणि स्विच शेजारच्या साध्या प्लगवर. लाइट गेले की वायफाय चालू, फोन मेलेले.

इथे मात्र थोडे जास्त पैसे देऊन पीओई स्विच घ्यावा असं माझं मत आहे. पीओई म्हणजे नेटच्या त्याच वायरीतून फोनला वीजही जाते. फोनचा वेगळा अडॅप्टर लागत नाही. मग एका ठिकाणी, जिथे राउटर आणि स्विच आहे तिथे, एक यूपीएस किंवा इन्व्हर्टरची लाइन दिली की वरच्या मजल्यावरचा फोनही चालू राहतो. ८०२.३एएफ हे प्रमाण लिहिलेला स्विच घ्या. तो एका पोर्टाला १५.४ वॉटपर्यंत देतो आणि साधा आयपी फोन पाच-सहा वॉटच्या आत भागवतो. हा स्विच वीज सोडण्याआधी समोरच्या वस्तूला विचारतो, तुला चालते का? उत्तर आलं तरच सोडतो, म्हणून चुकून लॅपटॉप लावला तरी त्याला काही होत नाही. बाजारात पॅसिव्ह पीओई नावाचा स्वस्त प्रकारही मिळतो, तो काही न विचारता वीज सोडतो. फोनसाठी तो घेऊ नका. आणि घेताना फोनच्या मॉडेलमध्ये पीओई आहे ना हे आधी बघा, काही स्वस्त मॉडेलमध्ये नसतं.

वायर तांब्याचीच घ्या, कॅट ५ई पुरते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दुकानदार अर्ध्या किमतीत देतात. पीओईत ती तापते आणि लांबवर वीज पुरी पडत नाही. हातात घेतली की हलकी लागते, टोक खरवडलं की पांढरं दिसतं. एका वायरीची लांबी १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागत नाही. पण गच्चीवरून, अंगणातून उघड्यावर वायर नेऊ नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की त्या वायरीतून आलेला झटका स्विच, राउटर, फोन सगळं एका फटक्यात घेऊन जातो.

मॅनेज्ड स्विच, व्हीलॅन वगैरे लोक विचारतात. वीस फोनचं ऑफिस असेल तर जरूर. तीन फोनच्या घरात ते शिकायला मजा येईल, पण आवाज त्याने सुधारणार नाही.

आणि कुठलाही बिघाड शोधताना पहिली पायरी एकच. एक फोन स्विचमधून काढा, थेट राउटरला लावा, कॉल करून बघा. त्रास तसाच राहिला तर स्विचला बोल लावू नका. त्रास गेला तरच स्विच, त्याचं ते पोर्ट किंवा ती वायर बदलून बघा.

दवाखाना असलेल्या घरासाठी एक जास्तीचं. ११२ लावायची वेळ आली तर मोबाइलच उचला. इंटरनेट फोनवरून तुमचं ठिकाण पलीकडे बरोबर पोहोचेल असं धरून चालू नका. टेबलावर त्या फोनच्या बाजूला एक कागद चिकटवा, घरात नवीन माणूस असला तरी त्याला कळेल.

पुढच्या भागात वायफाय कॉलिंग, म्हणजे रेंज नसलेल्या खोलीत मोबाइल कसा वाजतो ते. तुमच्या घरातल्या वायरींचे फोटो पाठवा, मला बघायला आवडतात. चला, भेटू.